दहा अवतार, दहा गाणी : मुंबईच्या मेटल बँडचा ‘दशावतार’ आणि तेरच्या मंदिरातला प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ते संत गोरोबाकाका. पण याच गावात त्रिविक्रमाचं एक फार जुनं मंदिर आहे. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा विष्णू, अर्थात वामन अवतार.

याच वामनावर २०१७ मध्ये मुंबईच्या एका बँडने गाणं केलं. त्यात टाळ-मृदंग नाही. आहेत त्या कडाडणाऱ्या इलेक्ट्रिक गिटार, सुसाट ड्रम आणि पोटातून काढलेला गुरगुरता आवाज. बँडचं नाव डेमॉनिक रेझरेक्शन आणि अल्बमचं नाव ‘दशावतार’.

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. दहा अवतार, दहा गाणी. हे नेमकं काय प्रकरण आहे? आणि त्यातल्या एका नावावर थांबून विचार का करायला हवा? समजून घेऊया.

बँड कोणाचा?

साहिल मखीजा या मुंबईकर तरुणाने २००० मध्ये हा बँड सुरू केला. मेटलच्या दुनियेत तो ‘डेमनस्टीलर’ नावाने ओळखला जातो. यूट्यूबवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत असाल, तर ‘हेडबँगर्स किचन’ चालवणारा तो हाच. २०१० मध्ये या बँडला ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला.

त्यांच्या संगीतात डेथ, ब्लॅक आणि थ्रॅश असे मेटलचे आक्रमक प्रकार एकत्र येतात. सोबत मोकळ्या गळ्याने गायलेल्या, गुणगुणता येतील अशा चालीही असतात. ‘दशावतार’मध्ये या सगळ्याला भारतीय वळणाच्या सुरावटींची जोड मिळाली.

थ्रॅश म्हणजे काय, आणि मेलडी कुठून आली?

हेवी मेटलची सुरुवात साधारण १९७० पासून मानतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षी आला. पुढे जुडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन या बँडनी दोन गिटार एकत्र, सुरेल वाजवण्याची पद्धत लोकप्रिय केली. हा झाला पारंपरिक हेवी मेटलचा बाज : ठसठशीत चाल, उंच पट्टीतला गळा, लक्षात राहणारं ध्रुवपद.

थ्रॅश आला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. मेटालिकाचा पहिला अल्बम १९८३ चा. स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स ही सोबतची मोठी नावं. थ्रॅश ओळखायच्या तीन खुणा :

- लय : मिनिटाला २०० च्या आसपास ठोके. आपल्या भाषेत अतिद्रुत.
- गिटार : उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि भराभर आघात करायचे. त्यातून करवतीसारखा ‘चग-चग’ आवाज येतो.
- ड्रम : पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला दोन पेडल. दोन्ही पाय आलटून पालटून चालतात, म्हणून घोड्याच्या टापांसारखा सलग नाद येतो.

थोडक्यात, पारंपरिक बाज चाल देतो आणि थ्रॅश वेग देतो. दोन्ही एकत्र आले की गाणं अंगावर येतं आणि लक्षातही राहतं.

आपले सूर यात कसे बसतात?

ऐकायला विचित्र वाटेल, पण फार ओढाताण करावी लागत नाही.

मेटलमध्ये ‘फ्रिजियन’ नावाची सुरावट खूप वापरतात. तिचे स्वर म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर : रे, ग, ध, नी कोमल. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं ज्या भीतीदायक अंतरावर उभं आहे, ते षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातलं. थ्रॅशमध्ये गिटारची सर्वांत जाड तार एकसारखी वाजत राहते आणि वर सूर बदलत जातात. तानपुऱ्याचा षड्ज मागे घुमत असतो, त्याची आठवण यावी असंच हे.

म्हणजे सूर आधीच शेजारी आहेत. फरक आहे वागणुकीचा. रागात एकेका स्वराला वेळ मिळतो, मींड असते, विशिष्ट वाट असते. मेटलमध्ये तोच स्वर झटक्यात येतो आणि जातो. म्हणून असं संगीत ऐकताना एक साधी कसोटी लावता येते : भारतीय रंग काढून टाकला, तर गाणं कोसळतं की तसंच उभं राहतं? कोसळलं तर ते खरं मिश्रण. तसंच उभं राहिलं तर ती वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

दुसऱ्या शब्दांत, कोण कोणात मिसळतंय? हा प्रश्न सुरांपुरता थांबत नाही.

नवव्या गाण्याचा प्रश्न

अल्बममधलं नववं गाणं बुद्धावर आहे. विष्णूच्या अवतारांच्या प्रचलित यादीत बुद्ध नववा, म्हणून बँडने तीच यादी घेतली. पण महाराष्ट्रात हे नाव इतकं सहज घेता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या वेळी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी स्पष्ट सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. मराठवाड्यातल्या असंख्य घरांसाठी ही पुस्तकातली ओळ नाही, रोजच्या जगण्यातली भूमिका आहे. बुद्धाला अवतार म्हणणं म्हणजे एक स्वतंत्र विचार दुसऱ्या परंपरेच्या पोटात घालणं, असा तो आक्षेप आहे.

शिवाय ही यादी सगळीकडे सारखी नाही. काही याद्यांमध्ये बलराम येतो. महाराष्ट्रात काही जुन्या चित्रांत आणि शिल्पांत नवव्या जागी विठ्ठलासारखी मूर्ती दिसते.

आता पुन्हा तेरला

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा उल्लेख आहे, ते व्यापारी शहर. इथल्या त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग अर्धगोल आहे, बांधकाम विटांचं आहे आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार आहे. ही ठेवण बौद्ध चैत्यगृहाची. त्यामुळे ही वास्तू मुळात चैत्य होती आणि नंतर विष्णूचं मंदिर झाली, असं अनेक अभ्यासक मानतात.

म्हणजे अल्बममध्ये जे पाचवं आणि नववं गाणं आहे, ते तेरमध्ये एकाच छताखाली आहे. फक्त इथे एकाची जागा दुसऱ्याने घेतलेली दिसते. कुणाला यात परंपरांचा संगम दिसतो, तर कुणाला आपलं काहीतरी पुसलं गेल्याची खूण.

मग अल्बम ऐकायचा का?

जरूर ऐका. मेटल म्हणजे नुसता गोंगाट, हा समज दूर व्हायला तो चांगला आहे. प्रलय, खांब फोडून येणारा नरसिंह, कलियुगाचा शेवट करणारा कल्की अशा अतिभव्य गोष्टींना हे संगीत शोभतंही. गीतं इंग्रजीत आहेत. सवय नसेल तर आधी फक्त ड्रमची लय पकडा, मग गिटारची चाल आणि शेवटी आवाज.

नवव्या गाण्यापाशी आलात की एवढं लक्षात असू द्या : यादीतल्या आठ आणि दहा या आकड्यांच्या मधे बसवलेल्या या नावाची स्वतःची वेगळी गोष्ट आहे. आणि ती सांगणारी विटांची एक इमारत तेरमध्ये आजही उभी आहे.