काट्यावरचं धान, टेबलातली ओळ

भंडारा जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रावर दिवाळीनंतर गर्दी वाढते, तेव्हा दर कुणी फारसा विचारत नाही. तो सगळ्यांना पाठ असतो. 2024-25च्या खरिपात साधारण धानाला क्विंटलमागे 2300 रुपये होते, अ दर्जाला 2320. शेतकरी काउंटरवर येऊन विचारतो ते वेगळंच: "माह्या नावावर अजून किती जाते जी?"

लाखांदूर असो की तुमसर, हाच प्रश्न. उत्तर मात्र एका जागी लिहिलेलं नसतं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र पाहायचं, त्यात धानाखाली किती ते पाहायचं, त्या हंगामाची हेक्टरी मर्यादा लावायची, आधी दिलेले कट्टे वजा करायचे, तेव्हा कुठे आकडा निघतो. एका सहकारी संस्थेच्या खरेदीचा प्रोग्राम मी लिहितो आणि सांभाळतो. डेटाबेसच्या टेबलाभोवती क्लास का गुंडाळायचा, हे मला या प्रश्नामुळे नीट उमगलं.

टेबल म्हणजे ओळी आणि कॉलम. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये ही रचना मांडली. पावत्यांच्या टेबलात एक ओळ म्हणजे एक वजनपावती: क्रमांक, खातं, तारीख, कट्टे, निव्वळ वजन, ओलावा, दर्जा. ओळीत माहिती असते, समज नसते. 17 टक्क्यांवर ओलावा गेलेलं धान घेता येत नाही, हे त्या ओळीला ठाऊक नाही. एका कट्ट्यात 40 किलो धान असतं, म्हणून 25 कट्ट्यांचे 10 क्विंटल व्हायला हवेत, हेही नाही. ही समज प्रोग्राममध्ये कुठेतरी लिहावी लागते, आणि जिथे गरज पडली तिथे ती लिहीत गेलं की एकच नियम पावतीच्या स्क्रीनवर, रोजच्या अहवालात आणि चुकाऱ्याच्या यादीत तीनदा येतो. पुढच्या हंगामात नियम बदलतो, दोन ठिकाणी दुरुस्ती होते, तिसरी जागा राहून जाते. मग पावतीवरची रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळत नाही. ज्याच्या घरी त्या पैशातून सोसायटीचं कर्ज फिटणार आहे, त्याला हा फरक फार महागात पडतो.

मार्टिन फाउलर यांनी 2002 च्या आपल्या पुस्तकात यावरचे मार्ग नावानिशी नोंदवले आहेत. टेबल डेटा गेटवेमध्ये अख्ख्या टेबलासाठी एक ऑब्जेक्ट असतो आणि त्या टेबलाशी बोलणारं सगळं एसक्यूएल त्याच्यातच राहतं. रो डेटा गेटवेमध्ये प्रत्येक ओळीचा एक ऑब्जेक्ट. तो ओळ वाचतो, लिहितो, बाकी काही करत नाही. त्याच ऑब्जेक्टमध्ये नियमही घातले की तो ॲक्टिव्ह रेकॉर्ड. डेटा मॅपरमध्ये ऑब्जेक्टला डेटाबेस आहे हेच माहीत नसतं, ने-आण करणारा थर मधे निराळा असतो. 2004 मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्सने ॲक्टिव्ह रेकॉर्ड घरोघरी नेला. पायथनमधलं जँगो त्याच वळणाचं आहे, एसक्यूएलअल्केमी मॅपरच्या.

आमचा प्रोग्राम जँगोत आहे. पावती नावाचा क्लास, त्यात रक्कम काढणारी मेथड, ओलावा तपासणारी मेथड. स्क्रीन, अहवाल, चुकाऱ्याची यादी, सगळे तिलाच विचारतात. नियमाला असा एक पत्ता मिळतो, आणि माझ्या मते क्लास लिहायचं खरं कारण एवढंच आहे. नुसते कॉलम तसेच्या तसे क्लासमध्ये उतरवून काही साधत नाही. तेवढ्यासाठी टेबल पुरेसं होतं.

ओळीला विचारायचे प्रश्न आणि टेबलाला विचारायचे प्रश्न मात्र वेगळे ठेवावे लागतात. या पावतीची रक्कम किती, हे पावतीच्या ऑब्जेक्टने सांगावं. आज केंद्रावर एकूण किती कट्टे आले, हे टेबलाने सांगावं. त्यासाठी दिवसभराच्या सगळ्या पावत्यांचे ऑब्जेक्ट करून एकेक बेरीज करत बसणं म्हणजे डेटाबेसच्या हातचं काम काढून घेणं. बेरीज त्याला एका ओळीच्या एसक्यूएलमध्ये येते.

चुकाऱ्याच्या यादीत हाच फरक घड्याळावर दिसतो. यादी 600 पावत्यांची आहे असं धरू. एक क्वेरी पावत्या आणते. मग प्रत्येक पावतीला तिच्या खात्याचा बँक क्रमांक विचारला की ऑब्जेक्ट गुपचूप डेटाबेसकडे जातो आणि आणखी 600 क्वेऱ्या होतात. कोड वाचताना यातलं काहीच दिसत नाही, कारण लिहिलेलं असतं फक्त 'पावती, खातं, बँक'. डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर आणि गावातली रेंज येऊनजाऊन असली की लिपिक पडद्याकडे बघत बसतो. जँगोला आधीच सांगितलं की खातीही सोबत आण, तर जोडणी करून एकाच फेरीत सगळं येतं. क्लास डेटाबेस झाकतो, ही त्याची सोय आहे आणि हीच त्याची जोखीमही. म्हणून एसक्यूएल न शिकता नुसते क्लास लिहिणाऱ्या मुलांना मी आधी एसक्यूएलच शिकायला लावतो.

सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो सातबारा. त्याचा एक क्लास करावा असं सहज वाटतं, कारण कागद एकच असतो. पण तो मुळात दोन नमुन्यांचा आहे: गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद. पहिला फेरफार झाल्याशिवाय बदलत नाही, दुसरा दर हंगामात बदलतो. 2021 पासून तर शेतकरी ई-पीक पाहणीतून ती नोंद स्वतः मोबाइलवर करतो. एका गटावर चार भावांची नावं असतात आणि त्यातल्याच एकाचं नाव शेजारच्या गावातल्या गटावरही असतं. म्हणजे गटाला अनेक माणसं, माणसाला अनेक गट. टेबलात हे मांडायला मधे तिसरं टेबल लागतं, गट आणि खातेदार यांची जोडी सांगणारं. ती जोडी नुसती जोडी नसते. तिच्यात हिश्शाचं क्षेत्र असतं, इतरांचं संमतीपत्र दिलं की नाही हे असतं. म्हणून तिलाही स्वतःचा क्लास हवा. गावात बोलताना तिला 'हिस्सा' म्हणतात, मीही क्लासला तेच नाव ठेवलं. 'किती जाते जी'चं उत्तर इथेच राहतं: हिश्शातलं धानाचं क्षेत्र गुणिले हंगामाची मर्यादा, वजा झालेल्या पावत्या. मर्यादा हंगामाच्या टेबलात आहे, कोडमध्ये नाही. खरिपानंतर उन्हाळी धान येतं तेव्हा नवी ओळ टाकली की झालं.

क्षेत्र मी आरमध्ये, पूर्णांकात ठेवतो. सातबारा हेक्टर-आर सांगतो, शेतकरी एकर सांगतो. क्लास दोन्ही दाखवतो, पण साठवतो एकच.

आणि तरीही एक गोष्ट क्लासच्या हाती नाही. ऑब्जेक्ट म्हणजे ओळ नव्हे, ती ओळीची त्या क्षणीची प्रत असते. संमतीपत्रामुळे दोन भावांचं क्षेत्र एकाच खात्यावर आहे असं समजा. 80 आर धान, हेक्टरी 30 क्विंटल मर्यादा धरली तर 24 क्विंटल होतात. 4 आधी गेले, 20 उरले. एक भाऊ पहिल्या काउंटरवर 40 कट्टे घेऊन उभा, दुसरा दुसऱ्या काउंटरवर 30. दोन्ही संगणकांनी तीच ओळ वाचली, दोन ऑब्जेक्ट झाले, दोघांनाही वाटतं 20 उरले. 16 क्विंटल बसतात, 12 सुद्धा बसतात. दोन्ही पावत्या निघतात आणि खात्यावर 8 क्विंटल जास्तीचे चढतात. मेथड दोन्हीकडे बिनचूक चालली होती.

इथे डेटाबेसनेच मधे पडावं लागतं. ओळीत आवृत्तीचा एक कॉलम ठेवतात. लिहिताना अट घालायची: मी वाचली तेव्हा आवृत्ती 7 होती, अजून 7 असेल तरच बदल आणि 8 कर. पहिल्या काउंटरचा बदल होतो. दुसऱ्याच्या वेळी 7 राहिलेली नसते, एकही ओळ बदलत नाही, आणि क्लासला ओळ पुन्हा वाचून हिशेब नव्याने करावा लागतो. पावती आणि हा बदल एकाच व्यवहारात असल्यामुळे अर्धवट पावतीही मागे उरत नाही.

दुसऱ्या काउंटरच्या पडद्यावर काय उमटावं, यावर मी बराच विचार केला. 'नोंद जतन झाली नाही' एवढंच वाचून लिपिक पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो आणि मागची रांग ओरडते. म्हणून तिथे आता येतं: 'याच खात्यावर आत्ता 40 कट्टे चढले. आणखी 10 जातील.' लिपिक ते वाचून दाखवतो, आणि ट्रॉलीतल्या उरलेल्या 20 कट्ट्यांचं काय करायचं ते भाऊ तिथेच आपसात ठरवतात.