आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही रोखता येतो

एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला हा विषाणू गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून लागू शकतो. काहीच उपचार झाले नाहीत तर अशा 100 बाळांपैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. आईने औषधे वेळेत सुरू करून नियमित घेतली तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्याही खाली येते.

त्यासाठी दिवस राहिल्याचे कळताच रक्त तपासायला हवे. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. लागण आढळली तर एआरटीच्या, म्हणजे विषाणूविरोधी उपचाराच्या, गोळ्या लगेच सुरू होतात व जन्मभर घ्याव्या लागतात. त्याही मोफत मिळतात. भारतात ही सोय 2004 साली सुरू झाली. गोळ्यांमुळे आईच्या रक्तातले विषाणू घटतात आणि बाळाचा धोका उतरतो.

गोळ्या सुटण्याची भीती असते ती बाळंतपणाला माहेरी जाताना. तिथल्या जवळच्या एआरटी केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था आधीच करून घ्यावी. प्रसूती रुग्णालयातच व्हावी. बाळालाही जन्मल्यावर लगेच प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि ते किमान 6 आठवडे चालते.

आई गोळ्या घेत असेल तर बाळाला पहिले 6 महिने फक्त अंगावर पाजावे. मध, बाळगुटी, वरचे दूध, पाणी यांतले काहीही देऊ नये. अंगावरच्या दुधाबरोबर वरचे दिल्यास लागणीचा धोका वाढतो. आजीची माया कितीही खरी असली, तरी इथे तिला समजावून थांबवलेच पाहिजे.

बाळाची पहिली तपासणी 6 आठवड्यांनी होते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळात बराच काळ राहतात, त्यामुळे अंतिम निदान साधारण 18 महिन्यांनी केले जाते.

नवऱ्याची तपासणी मात्र अनेकदा राहून जाते. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना आईला नव्याने लागण झाली, तर तिच्या रक्तात विषाणू फार वाढतात आणि बाळाचा धोकाही तितकाच वाढतो. म्हणून दोघांनी तपासून घ्यावे; नवरा बाधित असेल तर त्याने औषध घ्यावे आणि निरोध वापरावा. घरात पहिली तपासणी गरोदर सुनेची होते, म्हणून आजार तिनेच आणला असे ठरवणे हा उघड अन्याय आहे. बाधितांना कोणी उपचार, नोकरी वा शिक्षण नाकारले, तर त्यांनी तो त्रास निमूट सोसू नये. अशा भेदभावाला 2017 च्या कायद्यानेच मनाई आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. माहिती हवी असल्यास 1097 या मोफत क्रमांकावर विचारावे.