दुधाचा दात आणि मज्जासंस्थेची दुरुस्ती

मुलाचा पडलेला दुधाचा दात कौलावर फेकून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या इवल्याशा दाताच्या गाभ्यात मात्र शास्त्रज्ञांना मोलाचा ठेवा गवसला आहे.

दाताच्या कठीण कवचाआड मऊ गर असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी सन २००० मध्ये अक्कलदाढेच्या गरातून मूलपेशी (स्टेम सेल) वेगळ्या केल्या. सन २००३ मध्ये त्याच संस्थेतील डॉ. साँगताओ शी व सहकाऱ्यांनी दुधाच्या दातांतही अशा पेशी असल्याचे दाखवून दिले. मूलपेशी म्हणजे विभाजनाने आपली संख्या वाढविणाऱ्या आणि विशिष्ट पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी. गर्भावस्थेत ज्या पेशीसमूहापासून मज्जासंस्थेचा काही भाग घडतो, त्याच समूहातून दंतगराच्या पेशीही येतात. मज्जाविकारांच्या संदर्भात त्यांचा विचार होतो तो या नात्यामुळेच.

जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मज्जारज्जू पूर्णपणे छेदलेल्या उंदरांमध्ये मानवी दातांतील मूलपेशी सोडल्यावर त्यांच्या मागील पायांची हालचाल लक्षणीय प्रमाणात सुधारली. या पेशी नव्या पेशी घडवितातच. शिवाय त्यांच्यातून पाझरणारी द्रव्ये जखमी मज्जापेशींचा मृत्यू रोखतात आणि तुटलेल्या तंतूंच्या वाढीतील अडथळे दूर करतात. मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होऊन येणाऱ्या पक्षाघातावर अशा पेशींची मानवी चाचणी जपानमध्ये २०१९ मध्ये सुरू झाली.

तथापि, उंदरातील यश म्हणजे रुग्णासाठी सिद्ध झालेला उपचार नव्हे. पक्षाघात, कंपवात किंवा मज्जारज्जूची इजा यांवर दंतपेशींचा उपचार अद्याप प्रस्थापित झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ नाळेतील रक्ताच्या साठवणुकीस मुभा आहे. दातांसारख्या अन्य जैविक घटकांच्या व्यापारी पेढ्यांना नाही. मान्यताप्राप्त उपयोगांखेरीज मूलपेशींचा वापर रीतसर चाचणीपुरताच करता येतो.

बँकेत ठेव ठेवताना सुज्ञ ग्राहक परताव्याची हमी तपासतो. ‘दात जपा, भविष्य सुरक्षित करा’ अशा आवाहनापुढेही हीच सावधगिरी हवी. घरात असाध्य आजाराचा रुग्ण असला की आशा महाग दराने विकत घेतली जाते. अशा वेळी चाचणीची अधिकृत नोंदणी आणि नीतिसमितीची मंजुरी यांची विचारणा करणे, तसेच आपल्या मज्जाविकारतज्ज्ञाचा सल्ला घेणे हितावह ठरते. संशोधनाचे हे रोप आश्वासक आहे. फळ हाती येण्यास मात्र धीर धरावा लागेल.