खारवलेली मांडी आणि घरची पंगत

नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत गोडाचे ताट पुढे येत राहिले, की घरची मंडळी हळूच कुरकुरू लागतात. ज्यांच्याकडे सामिष चालते, तेथे मग कोंबडी-वड्यांची आठवण निघते. यंदा अशाच एका रात्री गॅमन करून पाहावे, असे आम्ही सुचवतो.

गॅमन म्हणजे डुकराची मागील मांडी. मिठाच्या पाण्यात मुरवलेली, पण न शिजवलेली. शिजली की तिलाच इंग्रज लोक हॅम म्हणतात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मांसाचा अख्खा तुकडा मसाल्यात शिजवून, परतून, काप करून वाढतात. त्याला आसाद म्हणतात. तेव्हा कल्पना आपल्या किनाऱ्याला अगदीच परकी नाही.

"हे सारे मुंबईला ठीक, आमच्या पोफळीला कसे जमावे?" असे चिपळूणकडची एखादी भगिनी विचारील. मांडी शहरातूनच आणावी लागेल हे खरे. दिवाळीला येणाऱ्या पाहुण्याने ती बर्फाच्या पेटीतून आणावी. पण ओव्हन नाही म्हणून कोणी अडून बसू नये. काकडीचे धोंडस करताना पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे, ही युक्ती कोकणातल्या आजीला ठाऊकच होती. तीच येथे कामास येते.

आठ माणसांना बिनहाडाची, दोऱ्याने बांधलेली दोन किलोंची मांडी पुरे. ती रात्रभर थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी ते पाणी फेकून द्यावे. मोठ्या पातेल्यात मांडी बुडेल इतके नवे गार पाणी घेऊन त्यात एक कांदा, दोन तमालपत्रे व दहाबारा मिरीदाणे टाकावेत. मीठ मात्र चिमूटभरही नको. उकळी आली की पाणी चाखावे. फार खारट लागले तर तेही ओतून टाकून पुन्हा भरावे. नंतर आच मंद करावी. पाणी खळखळता कामा नये, नुसते हलत राहावे. दर अर्ध्या किलोला 20 मिनिटे आणि वर आणखी 20, असा हिशेब. म्हणजे दोन किलोंना 100 मिनिटे झाली.

उरलेले पाणी फार खारट नसेल तर टाकू नये. पोफळीच्या भूमिगत वीजघरातला पहिला संच 1962 साली फिरू लागला. तेथे वीज देऊन बाहेर पडलेले कोयनेचे पाणी वाया जात नाही; ते कोळकेवाडीच्या धरणात साठते आणि पुन्हा एकदा वीज देते. गृहिणीनेही हाच धडा घ्यावा. भिजवलेले काळे वाटाणे दुसऱ्या दिवशी याच पाण्यात शिजवले, तर आमटीला निराळीच चव येते. मीठ शेवटी, चाखून घालावे.

आता मांडी बाहेर काढून जराशी निवू द्यावी. दोरा सोडवून वरची कातडी सुरीने उतरवावी, पण तिच्याखालचा चरबीचा थर राहू द्यावा. त्या थरावर शंकरपाळ्यांसारख्या तिरप्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत एकेक लवंग खोचावी. तीन चमचे चिरलेला गूळ, एक चमचा वाटलेली मोहरी आणि थोडा अननसाचा रस एकत्र करून लेप द्यावा. ओव्हन असेल तर 200 अंशांवर अर्धा तास. नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, खाली थोडे आणि झाकणावर जास्त निखारे ठेवून लेप तांबूस होईतो भाजावे. गूळ लवकर करपतो, म्हणून अधूनमधून झाकण उचलून पाहावे.

ज्यांना हे मांस चालत नाही, त्यांनी बोकडाची लहान मांडी मीठ, आले व लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवावी आणि झाकून, मंद आचेवर मऊ शिजवून मग अशीच भाजावी.

एक सावधगिरी हवी. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेल्या व प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली. मिठामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनीही जपावे. हा पदार्थ सणापुरताच बरा.

भाजल्यावर मांडी पंधरा मिनिटे तशीच ठेवावी, म्हणजे रस आत मुरतो. मग तिचे रेषांना आडवे, पातळ काप करावेत. पण ते स्वयंपाकघरात नव्हे, सर्वांसमक्ष. आम्हाला या पदार्थाचे खरे मोल येथे वाटते. रश्श्याच्या पातेल्यात पळी फिरते, तेव्हा चांगले तुकडे कोणाच्या ताटात गेले हे कोणाला दिसत नाही. पुरुष जेवतात, मुले जेवतात, पाहुणे आग्रहाने जेवतात; आणि दोन तास चुलीपाशी उभी राहिलेली बाई शेवटी बसते, तेव्हा तिच्या वाट्याला रस्सा आणि बटाटा उरतो. तिने तक्रार केलेली नसते, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. अख्खी मांडी मध्ये ठेवली की वाटणी उघड्यावर येते. सुरी यजमानांच्या हाती द्यावी. त्यांनी आधी ताटे मोजावीत, आणि त्या मोजणीत रांधणारीचे ताट पहिले धरावे.

सोबत तांदळाची भाकरी, उकडलेले बटाटे, काकडीची कोशिंबीर आणि सोलकढी असावी. या सर्वांत मीठ हात राखून घालावे. आणि घरातली सगळी माणसे, रांधणारीसुद्धा, एकाच पंगतीला बसावीत.