लाइट गेली नाही म्हणून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला सकाळी साडेसातला, वाशिममधल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "भाऊ, मोबाइलवर धोक्याची पाटी येऊन राहिली. मेल जातात, पण आलेले दिसत नाईत. काहून?" चहा अर्धा टाकून निघालो, कारण त्या मेल सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मीच बसवलं होतं, 2025च्या मे महिन्यात. 'जातात, पण दिसत नाहीत' यातच निदान होतं. ते पाटणी चौक ओलांडेपर्यंत मला उमगलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मे महिन्यात या कामातला सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावं गोळा करण्यात. प्रमाणपत्र नावाला मिळतं, यंत्राला नाही. मोबाइलमध्ये सर्व्हरचं जे नाव टाकलेलं असतं, तेच नाव प्रमाणपत्रावर नसेल तर मोबाइल अडून बसतो. म्हणून एकेका कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधली सेटिंग पाहिली. बहुतेकांकडे नाव 'मेल'नं सुरू होत होतं, दोघांकडे 'आयमॅप'नं, आणि वसुलीवाल्या काकांकडे नावच नव्हतं, नुसते आकडे होते. त्यांचा मोबाइल दुरुस्त केला आणि अर्जात दोन्ही नावं घातली.

अर्ज म्हणजे एक छोटी फाइल. सर्व्हरवर आधी किल्ल्यांची जोडी तयार होते, एक खासगी, एक सार्वजनिक. अर्जात जाते ती सार्वजनिक किल्ली आणि नावं, त्यावर खासगी किल्लीनं केलेली सही. खासगी किल्ली सर्व्हर सोडून कुठेही जायला नको. काही विक्रेते 'सोय' म्हणून तीही स्वतःच बनवून मेलनं पाठवतात. अशी किल्ली मी वापरत नाही.

अर्ज लेट्स एन्क्रिप्टकडे केला. ही ना-नफा संस्था पैसे घेत नाही, पण नाव आपलंच आहे हे दाखवावं लागतं. ती एक सांकेतिक मजकूर देते, तो आपल्या सर्व्हरवर ठरलेल्या जागी ठेवायचा आणि ती येऊन वाचते. तेही एकाच रस्त्यानं नाही, जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, म्हणजे मधल्या एखाद्या वाटेवर कोणी फसवत असेल तर पकडलं जावं. आमचा पहिला प्रयत्न फसला. फायरवॉलमध्ये 80 क्रमांकाचं पोर्ट बंद होतं. ते उघडलं आणि मिनिटभरात प्रमाणपत्र हातात आलं.

दाखला देणाराच चुकला तर? तसंही झालंय, आपल्याच देशात. जुलै 2014मध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं, आणि त्या यंत्रणेची मधली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. सगळा डोलारा विश्वासावर उभा आहे आणि विश्वास ठेवणारा आपला मोबाइल आपल्याला काही विचारत नाही.

बसवणं तसं चार ओळींचं काम. पत्र पाठवणाऱ्या पोस्टफिक्सला दोन ओळी, पेटीतलं पत्र दाखवणाऱ्या डव्हकॉटला दोन. नुसतं आपलं प्रमाणपत्र द्यायचं नाही, त्यामागचं मधल्या संस्थेचं प्रमाणपत्रही जोडायचं. ते विसरलं तर संगणकावरचा ब्राउझर बरेचदा सांभाळून घेतो, मोबाइल नाही घेत. डव्हकॉटच्या ज्या आवृत्तीवर आम्ही होतो, तिच्यात फाइलच्या पत्त्याआधी डाव्या टोकाची एक कोनखूण लागते. तिचा अर्थ, 'ही फाइल आत्ताच वाचून घे'.

त्या 'आत्ताच'नं मला गाठलं.

लेट्स एन्क्रिप्टचं हे प्रमाणपत्र 90 दिवसांचं. महिना उरला की सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आपणहून नवं आणतो. 24 जुलैला त्यानं ते आणलंही. फोल्डर उघडून पाहिलं तर नवं प्रमाणपत्र जागेवर होतं. मग ओपनएसएसएलनं बाहेरून सर्व्हरलाच विचारलं. 587 क्रमांकाच्या पोर्टवर पोस्टफिक्स नवी तारीख सांगत होता, 993वर डव्हकॉट जुनी. पोस्टफिक्सचे कामकरी थोडं काम करून बदलतात, नवा येतो तो फाइल नव्यानं वाचतो. डव्हकॉटनं मात्र मे महिन्यात वाचलं तेच डोक्यात धरलं होतं. फेरफार मंजूर, पण तलाठ्याच्या हातात सातबारा जुनाच, तसं. 'पुन्हा वाच' ही आज्ञा सर्टबॉटला जोडायची राहिली होती. चूक माझी. मुदत संपत आल्याचा आठवणीचा मेल लेट्स एन्क्रिप्टनं 4 जूनपासून बंद केला होता, पण तो येत असता तरी उपयोग नव्हता, कारण त्यांच्या लेखी आमचं प्रमाणपत्र ताजंच होतं.

बाहेरून मेल पाठवणाऱ्या कोणाचीही तक्रार नव्हती. पोस्टफिक्सकडे प्रमाणपत्र नवंच होतं, शिवाय एक सर्व्हर दुसऱ्याला 25 क्रमांकाच्या पोर्टवर मेल देतो तेव्हा बहुतेक वेळा मजकूर कुलूपबंद करतो, पण समोरच्याचा दाखला तपासत बसत नाही.

आज्ञा हातानं दिली. दोन सेकंदांत मोबाइल शांत झाले. मग ती सर्टबॉटलाही जोडली.

"पण आधीच्या साली असं नाई झालं," व्यवस्थापक म्हणाले. आधीच्या साली प्रमाणपत्र वर्षभराचं, विकत घेतलेलं होतं. शिवाय लाइट जायची, सर्व्हर बंद पडायचा आणि उठला की सगळ्या फाइली नव्यानं वाचायचा. 2025च्या जूनमध्ये संस्थेनं मोठा इन्व्हर्टर बसवला. सर्व्हर त्यानंतर एकदाही पडला नव्हता.

"म्हणजे इन्व्हर्टर घेतला तं बिघडलं?"

"चूक तेव्हाही असती," मी म्हणालो, "लाइट गेली असती तर झाकून गेली असती."

2029च्या मार्चपासून विकतचं प्रमाणपत्रही 47 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं मिळणार नाही, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेले आणि विचारलं, "आता पुढचं कधी?" 22 सप्टेंबरच्या आसपास, म्हटलं. त्या चौकोनात घटस्थापना छापलेली होती. तिच्याखाली उरलेल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: मेलचा कागद, भाऊला फोन.