माळवदी घर घेताना नजर आधी छताकडे

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत बोळाबोळांत कुलूप लावलेले वाडे दिसतात. मालक पुण्या-मुंबईत, भाऊबंद चार दिशांना आणि घर विकायला काढलेलं. अशा घरांचं एक गिऱ्हाईक म्हणजे जुन्या लाकडाचा व्यापारी. तो खांब, तुळया, चौकटी उतरवून नेतो आणि मागे मातीचा ढीग उरतो. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्तीनंतर गावाकडे परतू पाहणारं कुटुंब. या दुसऱ्या गिऱ्हाइकांची संख्या वाढावी, असं मला मनापासून वाटतं. पण चौक आणि कोरीव दरवाजा पाहून हरखलेलं कुटुंब तपासणीआधीच इसार देऊन बसतं, पहिल्या पावसात हबकतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच घर पाडून स्लॅब टाकतं. वाडा शेवटी पडतोच.

घरातल्या दोषांबाबत कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याने त्याला ठाऊक असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. मात्र हे बंधन, घेणाऱ्याला साधारण काळजीने पाहूनही न कळणाऱ्या दोषापुरतंच आहे. भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसत असताना तुम्ही पाहिलं नाही, तर पुढे तक्रारीला फारसा आधार राहत नाही. घर तपासून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय आपल्या गावांत नाही. त्यामुळे माळवदाचं काम केलेला जुना गवंडी, एक सुतार आणि दगड-मातीच्या बांधकामाची जाण असलेला इंजिनिअर अशा तिघांना घेऊन जाणं उत्तम. शक्य असेल तर भर पावसाळ्यात जावं, कारण उन्हाळ्यात झाकलेली गळती तेव्हा लपत नाही.

सुरुवात छतापासून करा. नगरच्या पूर्व भागात पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून इथे सपाट मातीचं माळवद चाललं. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. तिथे उतरतं छप्परच टिकतं. माळवदात तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलच किंवा फळ्या, त्यावर पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती चांगली चोपून बसवली की पाणी सहजासहजी झिरपू देत नाही. ती दर उन्हाळ्यात, मृगाआधी, नव्याने टाकायची जुनी रीत आहे.

धोका याच रीतीत दडलेला असतो. जुनी माती न काढता वर्षानुवर्षं नवी पडत गेली की थर जाड होत जातो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. चोपलेली माती कोरडी धरली तरी वजन साडेचार टनांच्या आसपास जातं. भिजल्यावर ते आणखी वाढतं. तुळई कितीही भक्कम असली तरी तिला सीमा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली. त्यांतली बरीचशी अशाच जड छतांच्या आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या घरांत झोपलेली होती. म्हणून छताच्या कडेला एक लहान खड्डा घेऊन मातीची जाडी मोजायला सांगा. विकणारा त्याला नाही म्हणत असेल, तर तेवढ्यावरूनच अंदाज येतो.

तुळईचं मधलं अंग दिसायला सुंदर असतं, पण ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाशी. तिथे पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला, तर बाहेरून धडधाकट दिसणारं लाकूड आतून संपलेलं आहे. वाळवीच्या मातकट नळ्या आणि छिद्रांखाली पडलेलं पीठ, दोन्ही शोधा. पन्हाळ फुटून पाणी ज्या भिंतीवरून ओघळतं, त्याच भिंतीतलं टोक बहुतेकदा आधी जातं.

भिंतीतल्या प्रत्येक चिरेला घाबरू नका. मातीच्या गिलाव्याला बारीक चिरा पडतातच. चिरेवर चुन्याची किंवा प्लास्टरची पट्टी ओढून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत ती पट्टी तडकली, तर भिंत हलते आहे. दगडी भिंतीचं खरं दुखणं फुगवट्यात असतं. आतली आणि बाहेरची अशी दोन तोंडं, मध्ये दगड-मातीची भर, आणि दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसले की तोंडं सुटू लागतात. ओळंबा सोडला की ते कळतं. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत अशा भिंतींना आरपार बांध घालणं आणि छतावरची माती कमी करणं हे दोन उपाय मुख्य होते. अजूनही ते लागू आहेत. फुगलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलेला दिसला, तर मात्र सावध व्हा. मातीच्या भिंतीतली ओल त्यामुळे आतच कोंडते आणि फुगवटाही दिसेनासा होतो.

जमिनीखाली धान्य साठवायचं जुनं पेव असू शकतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कारण पेव बुजवलं कसं हे कागदावर नसतं. नंतर बांधलेल्या संडासाचा शोषखड्डा पायाला चिकटून आहे का, शेजाऱ्याच्या माळवदाचं पाणी आपल्या चौकात पडतं का, हेही पाहा. पन्हाळाच्या पाण्यावरून भांडणं पिढ्यान् पिढ्या चालतात.

कागदांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, तो मालकी सिद्ध करत नाही. मालमत्ता पत्रक निघालं आहे का ते विचारा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी करून गावठाणांतली अशी पत्रकं तयार होत आहेत. वाड्याचे खण भावांत वाटले असतील, तर वाटणीपत्र आणि बहिणींची संमती हवी. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. घर शेतातल्या वस्तीवर सातबाऱ्याच्या जमिनीत असेल, तर शेतकरी नसलेल्याला कुळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी येते. पेडगाव, टाहाकारी, रतनवाडी यांसारख्या गावांत केंद्राने संरक्षित केलेल्या मंदिराजवळचं घर असलं, तर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते.

दोष सापडले म्हणून व्यवहार सोडायलाच हवा असं नाही. सरे बदलणं, माती उतरवणं, पन्हाळ बसवणं ही आवाक्यातली कामं आहेत. त्यांचा अंदाजखर्च लेखी घ्या, किमतीतून वजा करून बोला आणि साठेखतात तपासणीची अट लिहून घ्या. चारही भिंतींना फुगवटा असेल, तर मात्र माघार घेतलेली बरी.

घर झालंच, तर पाण्याची वाट आधी, लाकूड नंतर, भिंती त्यानंतर. रंगरंगोटी सगळ्यांत शेवटी. माळवद घालणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि काम अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू करून मृगाआधी उरकावं लागतं. दिवाळीनंतर खरेदीखत होणार असेल, तर संक्रांतीपर्यंत कारागीर ठरवून ठेवावा.