खांद्यामागचा कॉक

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ या गाण्यामुळे जगभर ओळखले जाणारे गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या माँटरे विमानतळावरून एका छोट्या विमानातून एकटेच उडाले. थोड्याच वेळात ते विमान पॅसिफिक महासागरात कोसळलं आणि डेन्व्हर यांचा मृत्यू झाला. वैमानिकाची चूक की इंजिनचा बिघाड, हा अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न. पण डेन्व्हर नवशिके नव्हते. त्यांना २,७०० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव होता. आणि इंजिन शाबूत होतं, त्याला इंधन मिळेनासं झालं होतं.

विमान होतं लाँग-ईझी. बर्ट रुटन यांच्या आराखड्यावरून हौशी लोक ते घरीच बांधतात. याच्या दोन पंखांत दोन टाक्या असतात आणि इंजिनला एका वेळी एकाच टाकीतून इंधन जातं. जुन्या स्कूटरवर गाडी आचके देऊ लागली की हात आपोआप खाली जाऊन कॉक रिझर्व्हला लावायचा, तसंच इथे टाकी बदलावी लागते. रुटन यांनी हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे ठेवला होता. डेन्व्हर यांनी विकत घेतलेलं विमान बांधणाऱ्याने तो मागे, डाव्या खांद्याच्या पाठीशी नेला. कोणत्या बाजूला फिरवला की कोणती टाकी, याची खूणही तिथे नव्हती. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या, त्यांवरही आकडे नव्हते.

ही अडचण डेन्व्हर यांना माहीत होती. उड्डाणाआधी एका तंत्रज्ञाने त्यांच्यासोबत कॉकच्या दांड्याला पक्कड लावून तो लांब करून पाहिला, पण हात पोहोचेना. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून त्याने आरसा दिला. वेळ पडली तर ऑटोपायलट लावून कॉक फिरवीन, असं डेन्व्हर म्हणाले. तासाभराचंच उड्डाण म्हणून त्यांनी इंधन भरून घेतलं नाही. तंत्रज्ञाच्या अंदाजाने डाव्या टाकीत पाव भागाहूनही कमी इंधन होतं. ही त्यांची चूकच, ती लपवण्यात अर्थ नाही.

विमान जेमतेम ५०० फुटांवर असताना किनाऱ्यावरच्या लोकांना फटफट आवाज आला आणि इंजिनचा आवाज मंदावला. आता कॉक गाठायचा तर उजवा हात नियंत्रणाच्या दांडीवरून काढून सगळं अंग डावीकडे मागे वळवायचं. असं वळताना शरीर आधार शोधतं आणि उजवा पाय पुढे रेटला जातो. तपासात तशाच जागी बसून पाहिलं, तेव्हाही पाय तसाच गेला. त्या पायाखाली रडरचं पेडल असतं. ते दाबलं की नाक उजवीकडे वळतं, डावा पंख वेगाने पुढे येऊन जास्त उचल घेतो आणि विमान उजवीकडे कलंडतं. एवढ्या कमी उंचीवर ते सावरायला जागा उरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणांमध्ये आधी वैमानिकाचं लक्ष विचलित होणं आणि नकळत पेडल दाबलं जाणं नोंदवलं. त्याच निष्कर्षात अपुऱ्या पूर्वतयारीसोबत बिनखुणांचा, हाताला न येणारा कॉकही होता. बातम्यांत पहिली ओळ ठळक होते आणि दुसरी विरून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. पुढचा वैमानिक वाचायचा असेल तर ती दुसरी ओळच उपयोगी.

माणसाला दोष देण्याऐवजी रचना बदलली तर चूक टळते, हे अमेरिकी हवाई दलाला दुसऱ्या महायुद्धातच उमगलं होतं. बी-१७ बॉम्बर विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांवरच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, मिटवायला जात आणि चुकून चाकंच मिटवत. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाला दिसलं, की दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारीशेजारी आहेत. त्याने एकाला रबरी चाकाचा आणि दुसऱ्याला पाचरीचा आकार दिला. हात न बघताच ओळखू लागला आणि ही चूक थांबली. चाकांच्या मुठीला चाकाचा आकार हा पुढे प्रवासी विमानांसाठी नियम झाला. घरी बांधलेल्या विमानांना मात्र अशा प्रमाणीकरणाच्या अटी नसतात. आराखडा बदलायची मुभा बांधणाऱ्याला असते. डेन्व्हर यांच्या विमानातला तो कॉक बेकायदा नव्हता.